वेग जास्त म्हणजे भोक लवकर? तसं नाही

बेंच ड्रिल (टेबलावर बसवायचं ड्रिल मशीन) घेताना ‘जास्तीत जास्त आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, बघा’ असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. धातूत भोकं पाडायची असतील तर तो उलटा आहे. बघायचा तो सर्वांत कमी वेग.

कारण साधं आहे. धातू कापते ती बिटची धार, आणि व्यास वाढला की तेवढ्याच आरपीएमला धारेचं बाहेरचं टोक जास्त वेगाने घासतं. मऊ पोलादासाठी साध्या हायस्पीड स्टीलच्या बिटला धारेच्या बाहेरच्या टोकाचा मिनिटाला सुमारे 25 मीटर वेग मानवतो. म्हणजे 3 मिमीच्या बिटला साधारण 2650 आरपीएम, पण 12 मिमीला जेमतेम 660. तिथे 2500 वर चालवलंत तर बिट निळं पडतं, धार जाते आणि काम अडतं. स्टेनलेस स्टीलला याहून कमी वेग द्या आणि दाब सोडू नका; नुसतं घासत राहिलं की पृष्ठभाग आणखी कडक होतो.

लाकडाला मात्र वेग चालतो, तरी मोठ्या फोर्स्टनर बिटला (रुंद, सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या बिटला) नाही.

आणि कृपा करून, वेग कितीही कमी असो, जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, हाताने धरू नका. व्हाइसमध्येच (पकडशेगड्यात) आवळा.