कोल्हापूरचे बारा साडेबाराला

घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा कोल्हापूरचा सूर्य अजून पूर्वेलाच असतो. आपली प्रमाणवेळ ठरते साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून, म्हणजे मिर्झापूरजवळून. कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश वळायला 4 मिनिटं लागतात, म्हणून आपली मध्यान्ह सरासरी 33 मिनिटं उशिरा होते.

पडताळायचं तर गच्चीवर एक काठी पुरे. ती ओळंब्यानं सरळ उभी करा आणि तिच्याभोवती तिच्या उंचीएवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ खडूनं काढा. सकाळी सावली आखडत आखडत येते. तिचं टोक वर्तुळाला शिवेल तिथं खूण करा. दुपारनंतर ती पुन्हा लांबते आणि पलीकडे शिवते, तिथं दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. काठीच्या बुंध्यातून तिला काटकोनात रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी सावली या रेघेवर आली की कोल्हापूरचे खरे बारा. होकायंत्र लागत नाही.

ही वेळही वर्षभर एक नसते. फेब्रुवारीच्या मध्यावर ती 12.47ला येते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.17लाच. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्याचा हा परिणाम. 6 मेच्या सुमारास तर भर दुपारी काठीची सावलीच नाहीशी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही होते म्हणा, पण आपल्याकडच्या पावसात तेव्हा ऊन पडायला हवं ना!

सूर्य तारीखही सांगतो. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं गाभाऱ्यात पोचतात ती 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारीला. 21 डिसेंबरच्या आधी साधारण एक्केचाळीस दिवस आणि नंतरही तेवढेच. दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर त्याच ठिकाणी मावळतो.

आभाळ भरलेलं असेल तेव्हा घटिकापात्र. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटं झाली. अशा साठ घटिकांचा एक दिवस. लग्नाचा मुहूर्त याच वाटीवर धरत. घरी करायची तर नारळाची करवंटीही चालेल, फक्त भोक सुईएवढ्यापासून सुरू करा. लवकर बुडाली तर थोडं मेण लावून लहान करता येतं, उशीर लागला तर कोरून मोठं.