लेचोन कावाली
लेचोन कावाली : (टॅगालोग या फिलिपिनी भाषेतील उच्चार ‘लित्सोन कावाली’). डुकराच्या पोटाकडील मांसाचा पट्टा चामडीसकट उकडून, सुकवून व भरपूर तेलात तळून केलेला फिलिपीन्समधील पदार्थ. बाहेरची चामडी फुलून पापडासारखी कुरकुरीत आणि आतले मांस मऊ, ही त्याची कसोटी. मनिला व भोवतालच्या टॅगालोग प्रांतांत तो घरोघरी होतो. पण त्याचे नेहमीचे स्थान म्हणजे ‘कारिंदेर्या’ ही स्वस्त खानावळ.

नाव : स्पॅनिश ‘लेचोन’ म्हणजे डुकराचे दूधपिते पिल्लू (‘लेचे’ = दूध). पोर्तुगीज ‘लैतांव’ हा त्याचा सख्खा भाऊ. गोव्यातील ख्रिस्ती घरांत सणासमारंभाला भाजतात ते पिल्लू याच नावाचे. फिलिपीन्समध्ये वाढलेले डुक्कर सळईवर अख्खे भाजले तरी ते लेचोनच, आणि कोंबडी भाजली तरी ‘लेचोन मानोक’. लेचोन कावालीत तर भाजणेही उरले नाही. शब्दातून आधी दूध गेले, मग निखारे गेले. राहिली ती फक्त कुरकुरीत चामडी. ‘कावाली’ म्हणजे तळणीचे खोलगट भांडे. मलाय ‘कुआली’शी त्याचे नाते उघड आहे. मराठी वाचकाला येथे ‘कढई’ आठवणे साहजिक आहे. परंतु कढई संस्कृत ‘कटाह’वरून आलेली असून तिच्यातील ‘ढ’चा माग कुआलीत लागत नाही. केवळ ध्वनिसाम्यावरून दोन्ही भांडी एका चुलीवर ठेवणे धाडसाचे ठरेल.

उगम : १५२१ च्या मार्चअखेर मॅगेलनच्या मोहिमेतील आंतोनियो पिगाफेत्ता याला एका बेटावरील राजाने (हे बेट बहुतेकांच्या मते लिमासावा) मेजवानी दिली. चिनी मातीच्या दोन मोठ्या थाळ्या आल्या : एकीत भात, दुसरीत रश्श्यासह डुकराचे मांस. दिवस मांस वर्ज्य असलेल्या गुड फ्रायडेचा, तरी इलाज नव्हता म्हणून आपण मांस खाल्ले, असे तो नोंदवतो. भात आणि डुकराचे मांस ही जोडी स्पॅनिश सत्तेपूर्वीची आहे, एवढे यावरून निश्चित होते. तळणीबद्दल मात्र हा पुरावा काहीच सांगत नाही. ‘प्रितो’ (तळलेले) हा शब्द स्पॅनिश आहे. उलट पोटाच्या मांसाला ‘लिएम्पो’ व खांद्याच्या मांसाला ‘कासिम’ ही नावे होक्किएन चिनी बोलीतली आहेत. मनिलात चिनी वस्ती सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे, आणि चामडी फुलवलेले पोटाचे मांस दक्षिण चीनमध्येही प्रिय आहे. तेव्हा खाटीककाम चिनी व नाव स्पॅनिश, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अर्थात शब्दांचा वंश हा पाककृतीचा वंश नव्हे.

कृती : पट्टा मीठ, अख्खी मिरी, लसूण व तमालपत्राच्या कुळातले ‘लॉरेल’ घालून उकडतात. उकडताना चामडीतील कोलॅजेनचे जिलेटीन होते. नंतर ती पुसून, उघडी ठेवून कोरडी करतात. तळताना उरलेल्या पाण्याची वाफ होऊन चामडीवर बारीक फोड उठतात. कोरडेपणात कसर राहिली की तेल चहूकडे उडते, म्हणून अनेक स्वयंपाकी भांड्याचे झाकण ढालीसारखे पुढे धरून उभे असतात. काही जण चामडी फुलावी म्हणून गरम तेलात मुद्दाम पाण्याचे थेंब शिंपडतात. त्याची शिफारस करता येत नाही.

कारिंदेर्या : या शब्दाचा उगम वादग्रस्त आहे. टॅगालोगमध्ये खानावळीला ‘कारिहान’ असाही शब्द असून त्याच्या मुळाशी तमिळ ‘करी’ असल्याचे सांगितले जाते. एका लोकप्रिय मतानुसार १७६२ मध्ये मद्रासहून आलेल्या ब्रिटिश फौजेने मनिला घेतले, १७६४ मध्ये ती परतली, आणि मागे राहिलेल्या भारतीय शिपायांनी मनिलाजवळच्या काइंता परिसरात वसून करी विकायला सुरुवात केली. शिपायांच्या वस्तीला आधार आहे. मात्र ‘करी’ मलाय भाषेतून त्याआधीच पोहोचली असण्याची शक्यता उरते, आणि त्यामुळे अवघी खानावळ त्या पलटणीच्या नावे करणे घाईचे होईल.

अशा खानावळीला ‘तुरो-तुरो’ही म्हणतात, ‘तुरो’ म्हणजे बोट दाखवणे. काचेच्या पेटीत किंवा झाकलेल्या पातेल्यांत ‘उलाम’ (भाताबरोबरचे कालवण) मांडलेले असते. गिऱ्हाईक वाढणारीला ‘आते’ (ताई) अशी हाक मारून बोट दाखवते. ती पट्टा लाकडी ठोकळ्यावर ठेवून सुऱ्याने तोडते. चामडी फुटल्याचा आवाज टेबलापर्यंत ऐकू येतो. वाटी उपडी करून पाडलेला भाताचा उंडा, शेजारी तुकडे आणि बहुधा फुकटचे पातळ ‘साबाव’ (सूप) येते. तोंडी लावायला काळीज, व्हिनेगर व साखर यांची घट्ट तपकिरी ‘सार्सा’, किंवा लसूण-मिरचीचे व्हिनेगर. पहिली गोड, दुसरे आंबट. चरबीला दुसरेच अधिक मानवते. दुपार उलटल्यावर पेटीतली कावाली वातड होते. चांगल्या खानावळीत ती पुन्हा तेलातून काढून देतात, आणि तसे सांगण्यात गिऱ्हाइकाने संकोचू नये.

‘स्वस्त’ हे विशेषण २०१९ नंतर डळमळले. त्या वर्षी देशात आफ्रिकन स्वाइन फीवरचा शिरकाव होऊन डुकरे मोठ्या संख्येने मारावी लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने मनिला महानगरात लिएम्पोला किलोमागे ३०० पेसो अशी तात्पुरती कमाल किंमत ठरवली. तेव्हा परवडत नाही म्हणून बऱ्याच विक्रेत्यांनी गाळे बंद ठेवले.

निकटचे पदार्थ : इलोकोस प्रांतातील ‘बाग्नेत’ अधिक कोरडा, पुन्हा तळलेला; टोमॅटो, ‘बागोओंग’ (मुरवलेल्या मासळीचे खारे) व छोट्या कांद्याबरोबर खातात. ‘क्रिस्पी पाता’ पायाचा असतो. दक्षिणेकडील मिंदानाओ बेटाच्या मुस्लिमबहुल भागातील हलाल खानावळींत यांपैकी काहीही मिळत नाही. उरलेली कावाली दुसऱ्या दिवशी व्हिनेगर व सार्सा घालून शिजवतात. त्या ‘पाक्सिव’मध्ये कुरकुरीतपणा पूर्ण जातो.