टाको शेल, कडक

मक्याची पातळ पोळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून, तळून किंवा भाजून कडक केलेले खाद्यकवच. मेक्सिकोतील रोजच्या खाण्यातला टाको (सारण भरून दुमडलेली पोळी) मऊ पोळीत (तोर्तिया) बांधतात. खोक्यातून विकले जाणारे ठिसूळ कवच हे मुख्यतः अमेरिकेत रुळलेले रूप होय. नाशिकमध्ये कॉलेज रोड व गंगापूर रोडवरच्या कॅफेंत ते मिळते.

शोधाचे श्रेय बहुधा ‘टाको बेल’ या अमेरिकी उपाहारगृह-साखळीचे संस्थापक ग्लेन बेल यांना दिले जाते (पहिले दुकान 1962, डाउनी, कॅलिफोर्निया). मात्र न्यूयॉर्कमधील उपाहारगृहचालक हुवेन्सिओ माल्दोनादो यांना शेल तळण्याच्या साच्याचे पेटंट 1950 मध्येच मिळाले होते. सॅन बर्नार्डिनो येथील मित्ला कॅफे (स्थापना 1937) कडक टाको विकत असे आणि बेल यांचे आधीचे दुकान त्याच्या समोरच होते. तेव्हा बेल यांना प्रसारक म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. तळलेले ‘टाको दोरादो’ मेक्सिकोत त्याही आधीचे असावेत.

आहारदृष्ट्या महत्त्वाचा भाग पोळीच्या पिठात आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, धुऊन वाटतात. या क्रियेला निक्सटामलीकरण म्हणतात (नावात राख व तामाल, म्हणजे वाफवलेल्या मक्याच्या पिठाचा पदार्थ, यांचे मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतले शब्द आहेत). चुना तोच, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. आपल्याकडे कोहळ्याच्या पेठ्यासाठी त्याची निवळी वापरतात. त्याने दाण्याचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात बांधलेले नायसिन (ब-3 जीवनसत्त्व) शरीराला घेता येते. थोडे नायसिन धुण्यात जाते, तरी हाती येणारे जास्तच ठरते. मका युरोपात गेला, चुन्याची रीत गेली नाही. केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या उणिवेचा रोग पसरला. गास्पार कासाल यांनी स्पेनमध्ये 1735 मध्ये त्याची लक्षणे नोंदवली, तर निकोटिनिक आम्लाचा (म्हणजे नायसिनचा) संबंध 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेजम यांनी दाखवला. भारतात हा रोग ज्वारी खाणाऱ्यांतही आढळला. ज्वारीत नायसिन असूनही असे का, याचे उत्तर सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्यात शोधले. पुढील प्रयोगांत एकमत झाले नाही. नायसिन व ट्रिप्टोफॅन (ज्यापासून शरीर नायसिन बनवते ते अमिनो आम्ल) यांची एकत्रित उणीव हे कारण आज अधिक ग्राह्य वाटते.

म्हणून खोक्यावरची घटकांची ओळ वाचावी. चुन्याचा उल्लेख किंवा 526 हा त्याचा अन्नघटक-क्रमांक असेल तर पीठ चुन्यात शिजवलेल्या मक्याचे असण्याची शक्यता मोठी. नुसते ‘मक्याचे पीठ’ लिहिले असेल तर हा लाभ गृहीत धरू नये. चुन्यामुळे कॅल्शियम वाढते खरे, पण एका शेलमागे ते 10 ते 20 मिग्रॅ. इतकेच भरते. सुरगाणा-पेठकडच्या नागलीत 100 ग्रॅममागे सु. 350 मिग्रॅ. असते, कॅल्शियमसाठी टाकोकडे पाहण्याचे कारण नाही.

सु. 13 ग्रॅ. वजनाच्या एका शेलमधून सु. 60 किलोकॅलरी, 8 ग्रॅ. कर्बोदके, जेमतेम 1 ग्रॅ. प्रथिन आणि 3 ग्रॅ.च्या आसपास स्निग्ध पदार्थ मिळतात. म्हणजे वजनाचा पाचवा हिस्सा तरी तेल. शेल टिपकागदावर ठेवून कोमट केला की कागदावर तेलाचा डाग उतरतो. बाजरीच्या भाकरीचा पर्याय म्हणून तो मुळीच चालणारा नाही. पापडासारखा, जेवणासोबत एखाद-दुसरा, हे त्याचे योग्य स्थान. मक्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. राजमा किंवा मटकीची उसळ भरली तर ती उणीव भरून निघते, चीज भरल्याने मात्र मीठ व चरबी वाढतात. मधुमेहींनी शेल मोजूनच घ्यावेत.

मक्यात ग्लुटेन नसते, त्यामुळे सिलिअक (ग्लुटेन न सोसणाऱ्या) रुग्णांना शुद्ध मक्याचा शेल चालतो. पण काही उत्पादक मैदा मिसळतात. भारतीय नियमानुसार ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यासाठी ग्लुटेनचे प्रमाण किलोमागे 20 मिग्रॅ.हून जास्त नसावे. तसा उल्लेख पाहूनच घ्यावे. कॅफेत एकाच तेलात मैद्याचे पदार्थही तळले जातात, हे रुग्णाने विचारायलाच हवे. परंपरेने वापरली जाणारी डुकराची चरबी पाकीटबंद शेलमध्ये सहसा नसते. तरी शाकाहाऱ्यांनी हिरवी खूण पाहावी. जैनांना अडचण येते ती शेलची नव्हे, सोबतच्या मसाल्याच्या पुडीतल्या कांदा-लसणाची. मका धान्यच असल्याने एकादशीच्या फराळात तो भगर-राजगिऱ्याच्या रांगेत बसत नाही. लहान मुलांना अख्खा शेल देऊ नये: तुकडे टोकदार असतात, घशात अडकतात.

नाशिक जिल्ह्यात येवला, मालेगाव, नांदगाव, चांदवड तालुक्यांत खरिपाचा मका मोठ्या प्रमाणावर होतो; त्याचा बराच भाग कोंबडीखाद्य व स्टार्चकडे जातो.

पावसाळ्यात उघडा शेल रात्रीत सादळतो. मंद तव्यावर दोन-तीन मिनिटे उलटसुलट केला की पुन्हा कुरकुरीत होतो. खवट वास आला असेल तर टाकून द्यावा.