हिरड्यांना टेस्टोस्टेरॉन किती हवं?

हिरड्या तपासताना दंतवैद्य एक बारीक, बोथट टोकाची सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच सरकवतात. सळईवर मिलिमीटरच्या खुणा असतात. ‘दोन, तीन, दोन, पाच’ असे आकडे ते मदतनिसाला सांगत जातात. तीनपर्यंत बहुतेक काळजी नसते. चार किंवा त्यापुढचा आकडा आला की तिथे पॉकेट झालं असं म्हणतात. हिरडी दातापासून सुटत चाललेली असते आणि बऱ्याचदा खालचं हाडही झिजू लागलेलं असतं. आपण ज्याला पायरिया म्हणतो तो हाच.

पुरुषांच्या तोंडात हे आकडे जास्त वाईट निघतात. अमेरिकेच्या २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत तिशीच्या पुढच्या पुरुषांपैकी ५६ टक्क्यांना हा आजार होता, स्त्रियांपैकी ३८ टक्क्यांना. तंबाखू, विडी-सिगारेट आणि ब्रश करण्यातला आळस ही मोठी कारणं आहेतच. पण गरोदरपणात हिरड्या सुजतात हे घरोघरी माहीत असताना पुरुषांच्या हार्मोनची, म्हणजे टेस्टोस्टेरॉनची, चौकशी मात्र फारशी कुणी करत नाही.

हिरडीला घट्टपणा देणारे तंतू ज्या पेशी विणतात, त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन ओळखणारे रिसेप्टर असतात. प्रयोगशाळेत या पेशींना ते हार्मोन दिलं, तर त्या इंटरल्यूकिन-६ कमी बनवतात. हे रसायन सूज वाढवतं आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना कामाला लावतं. दातांवर साचलेल्या जंतूंच्या थरामुळे शरीर पेटून उठतं, तेव्हा टेस्टोस्टेरॉन त्या आगीला थोडा आवर घालतं, असं यावरून दिसतं.

मग जास्त असेल तर जास्त चांगलं? इथेच गंमत आहे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात, हार्मोन फार कमी झालं तेव्हा दाताभोवतीचं हाड जास्त झिजलं आणि प्रमाणाबाहेर दिलं तेव्हाही झिजलं. माणसांतही याला दुजोरा देणारी एक गोष्ट आहे. तुर्कस्तानातल्या दंतवैद्यांना स्टेरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी कृत्रिम औषधं, घेणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंच्या हिरड्या फुगून दातांवर चढलेल्या आढळल्या. आपल्याकडे जिममध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शन घेणाऱ्या मुलांबद्दल मला म्हणूनच काळजी वाटते. हिरडी का फुगली, असं दंतवैद्याने विचारलं की ते इंजेक्शनबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

चारचौघांसारख्या पुरुषांचं चित्र एवढं स्पष्ट नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १,२०० वयस्कर अमेरिकन पुरुषांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि त्यांच्या हिरड्या यांचा ठोस संबंध सापडला नाही. गुंता वाढवतो तो मधुमेह: त्यात टेस्टोस्टेरॉनही घटतं आणि हिरड्याही बिघडतात, त्यामुळे कशाचा दोष कुणाच्या माथी मारायचा हे ठरत नाही. म्हणून हिरड्यांतून रक्त येतंय एवढ्याच कारणासाठी हार्मोनची तपासणी करून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. साखर मात्र जरूर तपासावी.

एका गटाचं मात्र वेगळं आहे. प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीचा कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, हे शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं, आणि त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून हे हार्मोन जवळजवळ शून्यावर आणणं हा या कर्करोगावरचा एक मुख्य उपचार आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग इथे अशा रुग्णांच्या हिरड्या तपासल्या गेल्या. २००७ च्या त्या अभ्यासात पुरुष होते अवघे ६८, पण हार्मोन बंद केलेल्यांपैकी ८० टक्क्यांना हिरड्यांचा आजार होता, बाकीच्यांपैकी ४ टक्क्यांना. इतक्या छोट्या अभ्यासावर छातीठोक विधान करता येत नाही, तरी एवढी तफावत नजरेआड करण्यासारखी नाही.

या उपचारात सगळ्या शरीराची हाडं ठिसूळ होतात, म्हणून बऱ्याच रुग्णांना पुढे झोलेड्रोनिक ॲसिडसारखं हाडांचं औषध सुरू होतं. ते चालू असताना दात काढावा लागला, तर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा धोका असतो. त्यामुळे घरातल्या कुणाचे, वडिलांचे किंवा काकांचे, हे उपचार सुरू व्हायचे असतील, तर त्याआधीच त्यांना दंतवैद्याकडे न्या. हलणारा दात काढायचा असेल तर तेव्हाच काढून टाकता येतो आणि जखम भरायला वेळ मिळतो.