खडकवासला

पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यातील मुठा नदीकाठचे गाव. हे पुण्याच्या नैर्ऋत्येस, स्वारगेटपासून सिंहगड रस्त्याने सुमारे १६ किमी. वर आहे. दीर्घकाळ शहराच्या वेशीबाहेर राहिलेल्या या गावाचा समावेश २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत झाला. दक्षिणेस सिंहगडाचा डोंगर, तर खाली काळा बेसाल्ट खडक आहे. मुठेला आंबी व मोसे या नद्या गावाच्या वरच्या अंगाला मिळतात.

नावातील ‘खडक’ उघड आहे. पुण्याजवळच्या खडकी या नावातही तो दिसतो. उत्तरपदाबद्दल मात्र एकमत नाही. ‘खडकावर वसलेले’ ही फोड लोकप्रिय असली, तरी ‘वसला’चा ‘वासला’ का झाला याचा उलगडा तीत होत नाही. ‘वास’ म्हणजे वस्ती या नामाशी संबंध जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात त्यातही अंत्य ‘ला’चा प्रश्न उरतोच.

गावाची ख्याती धरणामुळे. मुठेवरील हे दगडी धरण १८७९-८० च्या सुमारास पूर्ण झाले असे सामान्यतः मानतात. अभियंता फाइफ यांच्यावरून जलाशयास ‘फाइफ तलाव’ म्हणत. १९०३ मध्ये मो. विश्वेश्वरय्या यांची स्वयंचलित दारे येथे बसवण्यात आली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडवून धरायचे आणि त्यावर चढले की दारे आपोआप उघडून पूर वाहून जाऊ द्यायचा, अशी त्यांची योजना होती. धरणाची उंची न वाढवता साठा वाढवणारी ही युक्ती भारतीय जलस्थापत्यात मोलाची ठरली.

१२ जुलै १९६१ रोजी वरचे, बांधकाम पुरे न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचा लोंढा काही तास खडकवासल्याच्या भिंतीवरून वाहिला. पुढे भिंतही खचली आणि नदीकाठचे पुणे बुडाले. नंतर धरण पुन्हा बांधण्यात आले. आजची साठवणक्षमता सुमारे १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे वरच्या पानशेत व वरसगाव धरणांच्या तुलनेत थोडी. तरी त्यांचे पाणी येथूनच शहराकडे व कालव्यांत सोडले जाते.

१९१६ मध्ये मुंबई प्रांताने सुरू केलेल्या जलसंशोधन शाखेतून वाढलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र येथे आहे. जलाशयापलीकडील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी जवाहरलाल नेहरूंनी बसवली. औपचारिक उद्घाटन जानेवारी १९५५ मध्ये झाले. तिच्या सुदान ब्लॉकसाठी सुदानने देणगी दिली होती.

विधानसभेचा खडकवासला मतदारसंघ याच गावाच्या नावाने ओळखला जातो.