पाणी नासवलं कुणी? गॅसविहिरींच्या खटल्यांची पार्श्वभूमी

पंचगंगेच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसला, की शिरोळकर इचलकरंजीकडे बोट दाखवतात, इचलकरंजीकर कोल्हापूरच्या नाल्यांकडे आणि कारखानदार दोघांकडे. पंचगंगेचं प्रकरण हायकोर्टात गेलं तरी घोडं अडतं ते इथंच: घाण नेमकी कुणाची? अमेरिकेत गॅसविहिरींशेजारच्या पिण्याच्या पाण्यावरून जे खटले चालले, त्यांचीही गाठ हीच. फक्त तिथला सगळा मामला जमिनीखालचा, म्हणजे पंचनाम्याला मेलेला मासाही नाही.

सगळ्यात गाजलं ते पेनसिल्व्हेनिया राज्यातलं डिमॉक गाव. १ जानेवारी २००९ रोजी तिथल्या एका घराच्या पाण्याच्या विहिरीत मिथेनचा, म्हणजे नैसर्गिक गॅसमधल्या मुख्य वायूचा, स्फोट झाला. गॅससाठी बोअर मारताना पोलादी केसिंग, म्हणजे जाड पाइप, सोडतात आणि केसिंग व खडक यांच्यामधली पोकळी सिमेंटनं भरतात. ते सिमेंट कच्चं राहिलं, की गॅस त्या फटीतून वर चढतो आणि पाण्याच्या थरात शिरतो. राज्याच्या पर्यावरण खात्यानं तिथं गॅसविहिरी खोदणाऱ्या कॅबट कंपनीवर ठपका ठेवला. कंपनी म्हणे, इथल्या पाण्यात मिथेन पूर्वापार आहे. बोअर मारण्याआधी पाणी तपासलेलं असेल तरच हा वाद मिटतो. मिथेनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) तो खोल खडकातला की वरचा, एवढं कळतं. कुणाच्या बोअरमधून आला, हे दरवेळी कळतंच असं नाही.

बहुतेक कुटुंबांनी २०१२ मध्ये तडजोड केली. दोन कुटुंबं अडून राहिली. २०१६ मध्ये ज्यूरीनं त्यांना ४२.४ लाख डॉलर भरपाई दिली, पण २०१७ मध्ये न्यायाधीशांनी पुरावा तोकडा म्हणून तो निकालच रद्द केला. त्याआधी २००५ च्या केंद्रीय ऊर्जा कायद्यानं, डिझेल वापरलं नसेल तर, फ्रॅकिंगला (गॅस सुटावा म्हणून पाणी-रसायनं दाबानं सोडून खडक फोडण्याला) पेयजल सुरक्षा कायद्यातून मोकळं सोडलं होतं. ही सवलत कुणाच्या सोयीची, हे सांगायला वकील लागत नाही.

पेनसिल्व्हेनियानं २०१२ मध्ये निदान एक पाऊल उचललं: शेल गॅसच्या (शेल नावाच्या खडकातल्या गॅसच्या) विहिरीपासून अडीच हजार फुटांच्या आत, वर्षभरात पाणी बिघडलं तर दोष कंपनीचाच धरायचा, उलटं सिद्ध करणं तिच्या गळ्यात. आपल्या सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या वेल्लोर निकालात चामड्याच्या कारखान्यांबाबत हाच भार उद्योगावर टाकला होता.

डिमॉकला पाइपलाइनचं पाणी मंजूर व्हायला २०२२ उजाडलं. त्यासाठी कॅबटची वारसदार कंपनी कोटेरा हिनं आरोप न लढवता १.६ कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं.