आडनाव सुतार, धंदा सुतारकी

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड येतं, लिफ्टमध्ये ओळख होते. तीन दिवसांनी तेच गृहस्थ तलावपाळीवर समोर! बँकेत आहेत, डोंबिवलीहून आलेत, मुलगी दहावीला आहे, सगळं आठवतं. नाव तेवढं गायब. मग 'बी-१२ कमी झालं असेल' असं घरगुती निदान होतं. पण असं विशीतल्या मेंदूतही होतं.

१९८७ मध्ये ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी असे शब्द घेतले, जे आडनावही असतात आणि धंदाही. उदाहरणार्थ 'बेकर'. आपल्याकडे 'सुतार' धरा. अनोळखी चेहऱ्याबरोबर तो शब्द धंदा म्हणून सांगितला तर लक्षात राहायचा. आडनाव म्हणून सांगितला तर जास्त वेळा निसटायचा. शब्द एकच!

खरी गंमत इथे आहे. धंदा म्हटला की रंधा, करवत, भुसा, कानामागची पेन्सिल असे कितीतरी धागे हलतात. एखादा तुटला तरी दुसरा ओढता येतो. 'सुतार' नाही आठवलं, तर 'लाकूडकाम करतात' म्हटलेलंही चालतं. आडनावाचे सुतार मात्र जन्मात रंधा न धरलेले सीए असू शकतात. ते नाव माणसाविषयी काहीच सांगत नाही, म्हणून त्याला एकच धागा. आणि 'कुंभार' म्हणून भागत नाही. शिवाय चेहरा समोर असतो, तो फक्त ओळखायचा. नाव आतून खेचून काढायचं. एक प्रश्न 'योग्य पर्याय निवडा'चा, दुसरा 'रिकाम्या जागा भरा'चा. मेंदूतही वाटा वेगळ्या: चेहऱ्यासाठी मुख्यतः उजवीकडचा फ्युसिफॉर्म भाग, नावासाठी बहुधा डाव्या शंखखंडाचं (कानाजवळच्या भागाचं) टोक, आणि दोघांची नवी गाठ मारणारा हिप्पोकॅम्पस.

बऱ्याचदा तर नाव आत शिरलेलंच नसतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकेक जण नाव सांगतो, तेव्हा आपल्या आधीच्याचं नाव हमखास हुकतं; आपण स्वतःच्या वाक्याची जुळवाजुळव करत असतो.

यावर मेंदू तल्लख करण्याचा दावा करणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे क्लास लावणं म्हणजे फी पाण्यात. नाव ऐकताच मोठ्याने म्हणा, 'नमस्कार सुतारसाहेब'. 'तुमचं गाव कोणतं?' विचारून दुसरा धागा बांधा. मग मनात, न बघता, दहा सेकंदांनी, मिनिटाने, पाच मिनिटांनी, रात्री झोपताना आठवा. लागोपाठ दहादा घोकलं तर आठवायचा व्यायाम होतच नाही. मध्ये अडलात तर नाव पुन्हा विचारून घ्या आणि अंतर कमी करून परत दहा सेकंदांपासून सुरू करा.